पानाचं कातडं

भुजंग खंदारेच्या मूर्खपणाची खात्रीची माहिती हवी असेल तर चार ठिकाणी चौकशी करायची गरज नाही. तो स्वतःच देतो, आणि मागाल त्यापेक्षा दोन मापं जास्तच देतो. परभणीच्या एका सायन्स कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवतो. दर जुलैत नवी पोरं आली की पहिल्या तासाला तो फळ्याकडे वळतच नाही. हात मागे बांधून विचारतो, "वाचता कुणाकुणाला येतं?" पोरं खुदखुदतात आणि सगळे हात वर करतात. "उत्तम," भुजंग म्हणतो, "मलाही येत होतं. एम.एस्सी. फर्स्ट क्लास होतो. तरी चार महिने रोज सकाळी वीतभर उंचीची अक्षरं नाकासमोर होती आणि मला ती वाचता आली नाहीत." मग तो ती सगळी फजिती रंगवून सांगतो आणि पोरं पोट धरून हसतात. पण ती गोष्ट अर्धीच. उरलेली अर्धी त्याची त्यालाच चौऱ्याण्णव साली कळली, आणि ती मात्र तो वर्गात सांगत नाही.

भुजंग ताडकळसचा. बाप सिताराम तिथल्या एका खताच्या दुकानात हमाल. ट्रक आला की पोती उतरवायची, गिऱ्हाईक आलं की बैलगाडीत चढवायची. सितारामने शाळेची पायरी पाहिली नव्हती, पण वीस वर्षं पाठीवर पोती वाहून त्यांच्यावरची नावं त्याला तोंडपाठ झाली होती. युरिया, पोटॅश, सुपर फॉस्फेट. अक्षरांवर बोट ठेवून तो ती खडाखडा वाचायचा. एवढीच त्याची विद्या, पण दुकानात नवा हमाल आला की हा त्याला मास्तरासारखा शिकवायला बसायचा.

भुजंग बापाला दादा म्हणायचा. दादाला बिडी नव्हती, दारू नव्हती. एकच वेड होतं, नामांतराचं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं पाहिजे. अठ्ठ्याहत्तर साली ठराव झाला आणि गावोगाव वस्त्या पेटल्या. भुजंगच्या आत्याचं घर त्यात गेलं, आणि आत्या चार लेकरं आणि एक पितळेची परात घेऊन सितारामच्या दारात येऊन बसली. तेव्हापासून मोर्चा कुठेही असो, सिताराम त्यात असायचाच. एकदा सत्याग्रहात नऊ दिवस जेलची भाकरी खाऊन आला आणि एस्टीतून उतरून घरी न जाता आधी खताचा ट्रक उतरवायला गेला.

भुजंगच्या बी.एस्सी.चा कागद आला तेव्हा दादाने तो उलटासुलटा करून पाहिला.

"इद्यापीठाचं नाव काय लिवलंय?"

"मराठवाडा विद्यापीठ."

"बाबासायबाचं न्हाई?"

"अजून न्हाई, दादा."

"मंग ठीव पेटीत. नाव आल्यावर फ्रेम करू."

एम.एस्सी.चा कागदही त्याच पेटीत गेला. लोकांच्या पदव्या भिंतीवर असतात. भुजंगच्या पदव्या गोधडीखाली, डांबराच्या गोळ्यांशेजारी होत्या.

चौऱ्याऐंशी साली भुजंग त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होता. म्हणजे प्रॅक्टिकलला पोरांना चिमटे द्यायचे, आणि तास संपल्यावर चिमटे मोजून घ्यायचे. हे काम तो इतक्या गंभीरपणे करायचा की बघणाऱ्याला वाटावं, देशाचं संरक्षण याच्याकडेच आहे. विभागप्रमुख होते प्राध्यापक दिनकरराव. माणूस कडक, बोलणं मोजकं, कपड्याला इस्त्री नाही पण विज्ञानाला सुरकुती खपवून घ्यायचे नाहीत. त्यांनी एक दिवस भुजंगला बोलावलं आणि म्हणाले, "खंदारे, पीएच.डी. करा. चिमटे काय, कुणीही मोजेल."

विषय त्यांनीच दिला. झाडाच्या पानात लाखो पेशी असतात आणि प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय ठेवायचं हे तो पडदा ठरवतो. त्यासाठी त्यात बारीक बारीक पंप बसवलेले असतात. पाऊस नसताना आपली ज्वारी तग धरते ती कशाच्या जिवावर? दिनकररावांचा तर्क होता की या पंपांच्या जिवावर. तेव्हा ज्वारीच्या पानातून तो पडदा तेवढा वेगळा काढायचा आणि त्यातले पंप किती जोरात चालतात ते मोजायचं.

घरी गेल्यावर भुजंगने दादाला समजावून सांगितलं. "दादा, पानाच्या आत बारीक बारीक दाणे समजा. त्या दाण्याभवती पातळ कातडं असतंय. ते कातडं मी सोलून काढणार."

दादा भाकरी मोडता मोडता थांबला. "कातडं?"

"हां."

"आमच्या बापानं मेलेल्या ढोराचं कातडं सोलायचं सोडलं. बाबासायबानं सांगितलं म्हणून सोडलं, उपाशी राहून सोडलं. अन तू एवढा सोळा बुकं शिकून पुन्हा कातडंच सोलायलास?"

भुजंगला ठसका लागला. दादाही मग हसायला लागला, इतका हसला की डोळे पुसावे लागले. "सोल बाबा," तो म्हणाला, "पानाचंच हाय. वास तरी न्हाई येणार."

आता हे सोलणं कसं, ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. कोवळी पानं धुवायची, कात्रीने कातरायची, साखरेच्या थंडगार पाण्यात खलात वाटायची. मलमलच्या चारपदरी फडक्यातून तो हिरवा रस गाळायचा. मग तो नळ्यांत भरून यंत्रात गरगर फिरवायचा. जड असेल ते तळाला बसतं आणि हिरवा रंग त्याच्याबरोबर जातो. वरचं पाणी घेऊन पुन्हा फिरवायचं, दीड-दीड तास. शेवटी तळाशी नखाएवढा पिवळट डाग उरतो. तो डाग दोन दाट पाकांच्या मिश्रणात ढवळायचा. ते दोन पाक एकमेकांत मिसळत नाहीत, वेगवेगळे थर धरतात. आपल्याला हवा तो पडदा वरच्या थरात येतो आणि बाकीचा कचरा खाली राहतो. हे झालं सोलणं. मग त्या पडद्याला त्याचं खाद्य द्यायचं. पंप चालू असला तर त्या खाद्यातून फॉस्फेट सुटतं. त्यात एक औषध टाकलं की फॉस्फेट निळं होतं. निळं जास्त, तर पंप जोरात.

यात एकच अट होती, आणि परभणीसाठी ती अट म्हणजे चेष्टाच होती. हे सगळं बर्फात करायचं. जरा गरम झालं की पडदा नासतो. कॉलेजचा फ्रीज त्या वर्षी बंद पडला होता. फिरवायचं यंत्र दिनकररावांनी कुठूनसं जुनं मिळवलेलं, ते फिरायचं उत्तम पण थंड होण्याचं विसरलं होतं. आणि बाहेर पंच्याऐंशीच्या मार्चमध्येच चाळीसचा पारा.

म्हणून भुजंग रोज सकाळी सायकलवर बर्फाच्या कारखान्यात जायचा. भुशात ठेवलेल्या लादीचा तुकडा तागाच्या पोत्यात बांधून कॅरिअरवर टाकायचा. पोतं गळायचं. त्याच्या पँटचा मागचा भाग कॉलेजात पोचेपर्यंत असा भिजायचा की चौकातले रिक्षावाले रोज त्याची विचारपूस करायचे. एके दिवशी तो अशाच अवस्थेत असताना दादा कामासाठी परभणीला आला होता. त्याने ते पाहिलं, आणि पुढच्या फेरीला येताना पाठीवर घडी घालून एक पोतं घेऊन आला.

"हे घे. खताचं हाय, आतून प्लास्टिक. हापशावर धुवून आणलंय. येक थेंब गळायचा न्हाई. साहेब लोकांची पँट वल्ली व्हायलीय, बरं दिसतंय का?"

पोतं खरोखर झकास होतं. बर्फ तसाच राहायचा, पाणी आतच साठायचं. भुजंगची पँट कोरडी राहायला लागली आणि रिक्षावाल्यांचा एक विरंगुळा गेला. प्रयोगशाळेतला शिपाई सटवाजी संध्याकाळी ते पोत्यातलं उरलेलं पाणी पायरीजवळच्या जास्वंदीला घालायचा. ती जास्वंद तीन वर्षं काटकीसारखी उभी होती.

आता इथे भुजंगची अक्कल पुढे सरसावली. नळ्या बर्फात उभ्या करायच्या आणि पाणी बाटलीतलं, शुद्ध केलेलं, वापरायचं, असं दिनकररावांनी शिकवलं होतं. पण त्या उन्हाळ्यात बाटलीतलं पाणी चहासारखं कोमट. ते बर्फात थंड व्हायला अर्धा तास जायचा. भुजंगने विचार केला, पाणी थंडच हवं ना? मग हे पोत्यात आयतं पडलंय की थंडगार! बर्फ म्हणजे तरी काय, गोठलेलं पाणीच. म्हणून तो पानं त्या पाण्यात धुवायला लागला. पुढे भीड चेपली तसा शेवटचा तो नखाएवढा डागही त्याच पाण्यात कालवायला लागला. वर स्वतःवर खूशही होता, की पुस्तकात नसलेली युक्ती आपल्याला सुचली. पुस्तकात ती का नव्हती, हे काही त्याला सुचलं नाही.

आणि निळं आलं! काय निळं आलं! पहिल्याच खेपेला नळी अशी गर्द निळी झाली की भुजंग ती तशीच घेऊन दिनकररावांच्या खोलीत धावला. तुलनेसाठी बाजूला ठेवलेली साध्या पाण्याची नळी पांढरी शुभ्र. दिनकररावांनी नळी उजेडात धरली, चष्मा वर केला, खाली केला. "पुन्हा करा," ते म्हणाले. पुन्हा केलं, पुन्हा निळं. दहा वेळा केलं, दहाही वेळा निळं. परदेशातल्या लोकांनी पालकाच्या पानात मोजलं होतं त्याच्या सातपट! आपल्या ज्वारीचा पंप असा जोरदार निघाला म्हटल्यावर दिनकररावांसारखा माणूसही विरघळला. त्यांनी जुलैत हैदराबादला होणाऱ्या परिषदेसाठी निबंधाचा गोषवारा पाठवून दिला, भुजंगचं नाव पहिलं घालून.

बातमी ताडकळसला पोचायला कितीसा वेळ! बुद्ध पौर्णिमेला विहारात भुजंगचा सत्कार ठरला. हार, नारळ, लाऊडस्पीकर. भुजंगने मेणाने तोंड बंद केलेली एक निळी नळी सोबत नेली होती. ती दाखवत त्याने भाषण केलं. पंप, खाद्य, सुटलेलं फॉस्फेट आणि त्याचा झालेला हा निळा रंग, असं सगळं रसाळपणे सांगितलं. समोर दादा पांढरं धोतर नेसून बसला होता. भाषणाच्या मध्येच कुठेतरी दादाचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. भुजंगला वाटलं, आनंदाने भरून आलं असेल. स्वतःच्या भाषणाबद्दल त्याचं मत तेव्हा फार चांगलं होतं.

म्हातारी कडूबाई पुढे आली, तिने ती नळी दोन्ही हातांत घेतली. "ज्वारीच्या पोटातनं निळं निघालं, माय!" ती म्हणाली. "आपलंच की गं हे!" आणि तिने ती नळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्तीशेजारी उभी करून ठेवली. सगळ्या वस्तीने हात जोडले. भुजंगनेही जोडले. त्या क्षणी आपण फार मोठे झालो आहोत असं त्याला वाटलं, आणि त्याबद्दल तो स्वतःला आजही माफ करायला तयार नाही.

जूनमध्ये एक पुडी आली. आठ महिन्यांपूर्वी मागवलेलं रसायन होतं. ते टाकलं की पडद्यातला पंप बंद पडतो. म्हणजे ते टाकल्यावर निळं यायला नको. दिनकरराव म्हणाले होते, ही एक परीक्षा झाली की हैदराबादला कुणीही काहीही विचारू दे.

भुजंगने ते टाकलं. निळं आलं.

दुप्पट टाकलं. निळंच. पानं उकळून घेतली, म्हणजे पंप काय, सगळंच मेलेलं. त्यातही निळं! भुजंगने आधी त्या पुडीला शिव्या दिल्या, मग ती विकणाऱ्या दुकानाला, मग टपाल खात्याला. दोन दिवस त्याने शिव्यांचा चांगला व्यासंग केला. तिसऱ्या दिवशी दुपारी डोकं धरून तो प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसला. पायरी तापलेली म्हणून बूड टेकायला रिकामं पोतं अंथरलं होतं. सटवाजी जास्वंदीपाशी उभा होता.

"साहेब, बगा की जरा इकडं," सटवाजी म्हणाला. "तीन साल येक फूल दिलं न्हाई या अवदसेनं. अन आता बगा, पान दिसंना फुलापायी."

भुजंगने पाहिलं. जास्वंद लालभडक झाली होती. कळ्यांना जागा नव्हती.

"काय घालतोस रे तिला?"

"मी काय घालू? तुमचं बर्फाचं पाणी. दुसरं कायबी न्हाई."

भुजंग जास्वंदीकडे बघत राहिला. मग त्याने हळूच आपलं बूड उचललं आणि खाली बघितलं. वीतभर उंचीची निळी अक्षरं होती. सुपर फॉस्फेट.

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. पोत्याच्या शिवणीत, कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या घडीत पांढुरकी कणी अजून बसलेली होती. हापशावर कितीही धुतली तरी ती निघणारी नव्हती. ती रोज बर्फाच्या पाण्यात विरघळत होती, आणि तेच पाणी हा शहाणा नळीत घालत होता. फॉस्फेट मोजायला निघालेला माणूस रोज स्वतःच्या हाताने फॉस्फेट कालवत होता आणि वर म्हणत होता, बघा ज्वारीत किती! तुलनेच्या नळीत मात्र बाटलीतलं पाणी. म्हणून ती शुभ्र.

"आरं गाढवा!" भुजंग मोठ्याने म्हणाला. सटवाजी दचकला. "तुला न्हाई रे बाबा," भुजंग म्हणाला, "मी आपला मला म्हणायलोय."

तो तिथेच बसून हिशेब मांडायला लागला. हैदराबादला अठरा दिवस उरले होते. गोषवारा छापून झाला असणार. ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. सटवाजीला जास्वंदीपलीकडचं काही कळणार नव्हतं. पुडीचं रसायन खराब निघालं असं म्हणता आलं असतं. आणि खरं सांगितलं तर? स्टाफरूममध्ये बन्सीधर बसलेला होता. तो सोबतचाच डेमॉन्स्ट्रेटर. सवलतीवर आलेल्यांकडून संशोधन होतं का, हा प्रश्न तो चहाच्या प्रत्येक कपाबरोबर विचारायचा, भुजंगचं नाव न घेता आणि भुजंगकडे बघत. त्याला आयतं ताट वाढून मिळणार होतं. नुसता भुजंग चुकला असं कुणी म्हणणार नव्हतं. म्हणणार होते, हे लोक असेच. ही भीती खरी होती, आणि भुजंगला तिची लाज वाटत नव्हती.

पण ती नळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभी होती. कडूबाई रोज तिच्यापुढे मेणबत्ती लावत होती, खताच्या पाण्यापुढे. ते आठवलं आणि भुजंग उठला, पोत्याची घडी घातली, काखेत मारली आणि सरळ दिनकररावांच्या खोलीत गेला.

त्याने सगळं सांगितलं. 

"पोतं कुठून आणलंत?"

"बाजारातून घेतलं, सर," भुजंग म्हणाला. दादाचं नाव त्याच्या तोंडून निघेना.

दिनकररावांनी टेबलावर पोतं पसरायला लावलं. अक्षरं वाचली. चष्मा काढला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. भुजंगला वाटलं, सरांना काहीतरी होतंय. पण सर हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हसून झाल्यावर ते म्हणाले, "रोज माझ्या खिडकीखालून जात होतं हो हे. मीही वाचलं नाही." मग चष्मा घालून म्हणाले, "हैदराबादला तार करा, निबंध मागे घेतला म्हणून. आणि उद्यापासून पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बन्सीधरने विचारलंच. "काय खंदारे, निळा रंग उडाला म्हणे?"

"उडाला कसला, पोत्यात भरून आणला होता," भुजंग म्हणाला, आणि त्याने ती सगळी कहाणी स्वतःच सांगितली, भिजलेल्या पँटपासून जास्वंदीपर्यंत, स्वतःला शेलक्या शिव्या घालत. सगळी स्टाफरूम हसली. बन्सीधरलाही हसावं लागलं, आणि मग त्याच्याकडे बोलायला काही उरलं नाही. भुजंगला तेव्हा एक गोष्ट कळली. आपली फजिती आपणच आधी आणि जास्त चांगली सांगितली तर दुसऱ्याच्या हातातला दगड खाली पडतो. तेव्हापासून त्याने तीच सवय लावून घेतली.

ताडकळसला मात्र हसवून भागणार नव्हतं. रविवारी तो गेला. दादा विहाराच्या ओट्यावर बसला होता.

"दादा, ते निळं खोटं हाय."

"खोटं म्हंजी?"

"मपली चूक झाली. भांडे नीट धुतले न्हाईत मी. त्याच्यानं निळं झालं." पोत्याचं नाव त्याने काढलं नाही. बापाने मायेने पाठीवर आणून दिलेल्या पोत्याने हे केलं, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

दादाने त्याचा चेहरा एकदा निरखला. मग आत गेला, फोटोपुढची नळी उचलली आणि भुजंगच्या हातात दिली.

"बाबासायबाम्होरं खोटं नगं. घिऊन जा. खरं निळं आलं की आण."

 भुजंग परतीच्या एस्टीत खिडकीकडे तोंड करून रडला.

खरं निळं यायला साडेसात वर्षं लागली. दिनकरराव रिटायर झाले, तरी येत राहिले. यंत्राची मोटर जळाली. परदेशी पाकाचा डबा संपला आणि दुसरा यायला वर्ष गेलं. कुंडीतली ज्वारी एकदा कॉलेजच्या आवारात शिरलेल्या शेळ्यांनी खाल्ली, आणि शेळ्यांनी तरी ती पहिल्याच दिवशी नीट वेगळी केली, असं भुजंग सांगत फिरला. मध्ये त्याचं लग्न झालं. बायको मनकर्णा जिंतूरची, बोलायला तिखट. घरात खताचं पोतं दिसलं की ती ओरडायची, "अहो, वाचून बघा हो, काय लिहिलंय!"

शेवटी ब्याण्णवच्या थंडीत, स्टीलच्या डब्यातला बर्फ आणि बाटलीतलं पाणी वापरून, निळं आलं. इतकं फिकं की नळीमागे पांढरा कागद धरल्याशिवाय दिसायचं नाही. पण पुडीतलं रसायन टाकलं की ते जायचं, आणि नाही टाकलं की यायचं. ज्वारीचा पंप चालत होता, सातपट नाही, पण चालत होता. भुजंगने ती फिकी नळी ताडकळसला नेली. दादाने ती उजेडात धरून पाहिली आणि फोटोपुढे ठेवली.

त्र्याण्णवच्या अखेरीला प्रबंध गेला. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाचं नाव बदललं. त्या दिवशी दादा घरात बसलाच नाही. वस्तीत ज्याच्या-त्याच्या गळ्यात पडत होता, आणि आत्या ती जुनी पितळेची परात बडवत होती. फेब्रुवारीत भुजंगची तोंडी परीक्षा झाली. मग कागद आला. वर नाव होतं, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. भुजंग तो घेऊन ताडकळसला गेला. दादाने बोट ठेवून ते नाव वाचून घेतलं, तीनदा. मग म्हणाला, "ठीव मपल्याकडं. फ्रेम मी करणार."

आठ दिवसांनी दादा परभणीला भुजंगच्या घरी आला. उन्हातून चालत आलेला, पाठीवर काहीतरी चौकोनी बांधलेलं. त्याने ते खाली ठेवलं आणि घाम पुसत म्हणाला, "यस्टीत काच फुटंल म्हणून बांधून आणलं. वाच बरं, वर काय लिवलंय."

भुजंगने बघितलं. खताचं पोतं होतं. जुनं, धुऊन धुऊन अक्षरं फिकी पडलेली.

"सुपर फॉस्फेट," भुजंग म्हणाला.

"आता वाचता यायलंय की," दादा म्हणाला, आणि मिशीत हसला.

भुजंगने चमकून मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात मनकर्णाही थांबली.

"दादा, तुमाला म्हाईत व्हतं?"

"तू सत्काराला भाषण केलं. फॉस्फेट निघतंय, त्याचं निळं व्हतंय म्हणाला. तवाच मपल्या काळजात चर्र झालं. फॉस्फेट म्हंजी काय, वीस साल पाठीवर वाहिलंय मी. पोतं बी मीच दिल्यालं."

"मंग बोलला का न्हाईत?"

दादा पोत्याची गाठ सोडत होता. गाठ घट्ट होती.

"तू सोळा बुकं शिकल्याला. मला वाटलं, तुला म्हाईत असंल. आपण आडाणी, भरल्या सभेत कामून बोलावं?" गाठ सुटली. "अन मंग तू येऊन म्हणाला, भांडे धुतले न्हाईत. तवा समजलं, लेकरू मला झाकायलंय. म्हणलं, झाकू दे."

 नऊ वर्षं तो दुनियेला आपल्या मूर्खपणाची गोष्ट सांगत होता, आणि खरा मूर्खपणा त्याला आज कळत होता. ज्या एका माणसाला ते पोतं वाचता येत होतं त्याला त्याने पानाच्या कातड्याची गंमत सांगितली, भाषण ऐकवलं, पण कधी काही विचारलं नव्हतं.

"नऊ वर्षं गेली हो, दादा," तो कसाबसा म्हणाला. "तवाच खरं निळं आलं असतं तर..."

"तवाच पास झाला असता तर ह्यो कागद बी पेटीत गेला असता," दादा म्हणाला. त्याने फ्रेम बाहेर काढली, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि भुजंगच्या हातात दिली. "अन मी कामून बोलू? तू इचारायचं व्हतं की. पोती तर मी उचलतो."

मनकर्णाने खिळा आणि हातोडी आणून दिली. भुजंगला डोळ्यांतल्या पाण्यामुळे खिळा नीट दिसेना, म्हणून तो दादानेच ठोकला.